तेलाचा हात

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाच आपणहून गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यांनी गाडी चालवणं सोडावं म्हणून मी तीन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. गोडीनं सांगून झालं होतं, भांडून झालं होतं, एकदा तर जेवणाच्या ताटावरून उठून झालं होतं. आणि प्रत्यक्ष किल्ली हातात आली तेव्हा ती मला नकोशी झाली. त्या दिवशी आयुधपूजा होती. बॉनेटवर शेवंतीची माळ होती आणि पुढच्या चाकाखाली एक कोहळा फुटून पडला होता.

गाडी माझ्या जन्माच्या आधीची. गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, पुढे एकच सलग सीट, त्यावर आई, मी आणि बाबा तिघं आरामात बसायचो. बाबा तरुणपणी बेंगळुरूला आले ते एका सरकारी कारखान्यात. तिथं लेथ, मिलिंग अशी मोठी यंत्रं बनायची. निवृत्तीनंतर त्यांनी येलहंक्याला घर बांधलं, आणि घराच्या नकाशात सगळ्यात आधी काय काढलं असेल तर गाडीची शेड. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी महादेवपुऱ्याला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि शनिवार उजाडला की सगळं शहर ओलांडून त्यांच्याकडे जाते.

बाबांचा स्वभाव समजायला त्यांची एक सवय सांगितली की पुरे. उघडं लोखंड त्यांना बघवत नाही. कारखान्यात आठवड्याची शेवटची पाळी संपली की लेथ पुसून त्यावर तेलाचा हात फिरवायचा, मगच घरी जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. तो त्यांनी घरीही आणला. विळीच्या पात्याला, तव्याला, अडकित्त्याला, अगदी जुन्या कुलपालाही तेलाचा हात. लग्न होऊन आलेल्या आईला त्यांनी बाकी काही शिकवलं नसेल, पण हे शिकवलं. विळी कोरडी दिसली की अजूनही आवाज येतो, "अगं, उघडं लोखंड असं ठेवू नये."

तर ब्रेक. दोन वर्षांपूर्वी एका पावसात रिंग रोडवर पाणी साचलं होतं, त्यातून गाडी काढली आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक लागेनात. समोरच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. मी शेजारी होते. घरी येऊन मी तोंडाला येईल ते बोलले. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ड्रम ओले झाले. त्यात माझा काय दोष?"

खरं होतं ते. जुन्या गाड्यांना चारही चाकांत ड्रम असतात. ड्रम म्हणजे एक झाकलेला डबा, त्याच्या आत दोन पट्टे फाकतात आणि डब्याला आतून घासून चाक थांबवतात. आत पाणी शिरलं की संपलं. नव्या गाड्यांना पुढे डिस्क असते. ती लोखंडाची उघडी थाळी चाकाबरोबर फिरते आणि दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. पाणी आपोआप उडून जातं.

आईचं म्हणणं सरळ होतं, आता गाडी चालवणं बंद. माझंही मनातून तेच होतं, पण बाबांचा चेहरा बघून मी मधला मार्ग काढला. पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायच्या, आणि बाबांनी येलहंक्याबाहेर गाडी न्यायची नाही. बाबा लगेच तयार झाले. आई भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "ब्रेक बदलून वय बदलतं का?"

अशा गाडीला डिस्कचा तयार संच मिळत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर, म्हणजे ते चिमटा धरणारं यंत्र, आणायचे आणि आपल्या चाकाच्या दांड्यावर बसतील असे ब्रॅकेट करून घ्यायचे. बाबांनी ब्रॅकेटचं ड्रॉइंग स्वतः काढलं, हातानं, पेन्सिलीनं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं घालून. ते घेऊन आम्ही पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. तिथं बाबांच्या हाताखाली काम केलेल्या एकाचं आता स्वतःचं वर्कशॉप आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी ड्रॉइंग नमस्कार करून हातात घेतलं, आणि मग जरा चाचरत म्हणाले, "सार, सोबत बूस्टर पण बसवा, तो पायाचा जोर वाढवतो. ड्रम पायाला स्वतःच मदत करतात. डिस्क करत नाहीत. पेडलवर स्वल्प जोर जास्त लागतो. वयाला जड जातं."

"कुणाच्या वयाला?" बाबा म्हणाले.

अण्णा ड्रॉइंगकडे बघायला लागले. मी मध्ये पडले असते तर बरं झालं असतं, पण मला हसू आलं. बाबांनी तिथल्या तिथं उजवा पाय दोनदा जमिनीवर आपटून दाखवला. "अजून लोखंड वाकेल या पायानं. बूस्टर बिस्टर नको." अण्णा "सरी सार", म्हणजे ठीक आहे साहेब, म्हणाले आणि तो विषय तिथं मिटला.

पुढचे सात शनिवार आम्ही दोघं शेडमध्ये होतो. ते दिवस फार चांगले गेले, हे मला आवर्जून सांगितलं पाहिजे. बाबा स्टुलावर बसून सूचना करायचे आणि मी गाडीखाली. अकराव्या वर्षी त्यांनी मला ब्रेकचे पट्टे पॉलिश पेपरनं घासायला शिकवलं होतं, आता चव्वेचाळिसाव्या वर्षी मी त्यांना यूट्यूबवरचे व्हिडिओ दाखवत होते आणि ते प्रत्येकात चुका काढत होते. अण्णांनी पाठवलेले ब्रॅकेट इतके नेमके बसले की बाबांनी मला हाक मारून नुसतं बोट लावून बघायला सांगितलं. सांधा नखाला लागत नव्हता.

आयुधपूजेच्या आदल्या दिवशी, सोमवारी, काम पुरं झालं. मी सुट्टी टाकली होती. संध्याकाळी आम्ही गल्लीत आठ-दहा फेऱ्या मारून ब्रेक बघितले. पेडल जड होतं, पण गाडी दाबल्या जागी थांबत होती. बाबा लहान मुलासारखे खूश. मग त्यांच्या डोक्यात आलं की नव्या डिस्क आणि चाकांच्या पत्र्याचा रंग उडालेला, हे शोभत नाही. लगेच चारही चाकं काढली, गाडी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली, चाकांना चंदेरी रंग मारला आणि वाळायला भिंतीशी उभी केली. रात्रभर गाडी तशीच होती, नव्या डिस्क उघड्या, चकचकीत.

सकाळी मी चाकं बसवायला गेले तेव्हा डिस्कच्या मधोमध, नटबोल्टांच्या जागी, कुंकवाचं एक एक बोट लावलेलं दिसलं. आईचं काम. मला गंमत वाटली. या आमच्या आईनं महिनाभर या डिस्कना नावं ठेवली होती, आणि पूजेला मात्र त्यांना विसरली नाही. डिस्क छान चमकत होत्या. मी चाकं चढवली, नट आवळले आणि हात धुतले.

आमच्या मराठीत ती खंडेनवमी, पण जन्म इथंच गेल्यामुळे आम्ही आयुधपूजाच म्हणतो आणि पूजाही इथल्यासारखीच करतो. गाडीला केळीचे खुंट, शेवंतीच्या माळा, चारी चाकांखाली चार लिंबं. शेजारच्या अक्कांनी कापूर दाखवला, बाबांनी कोहळा ओवाळून फोडला. मग लिंबं चिरडत गाडी पुढे घ्यायची आणि उतारावरच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. बाबा चालवायला, मी मध्ये, आई खिडकीशी. आईनं नवी साडी नेसली होती.

देवळाच्या अलीकडे रस्ता चांगलाच उतरतो. दोन्ही बाजूंना कोहळ्यांचे आणि फुलांचे ढीग घेऊन बायका बसल्या होत्या. देऊळ दिसलं तसा बाबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. थोडी हळू झाली आणि तशीच निघाली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा पाय पेडलवर ताठ होता, गुडघा थरथरत होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या. त्यांच्या तोंडून फक्त एक "अरे" निघाला. मी वाकून हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी डावीकडे वळली, कोहळ्यांच्या ढिगात शिरली आणि थांबली.

ढिगाच्या पलीकडे कोहळे विकणारी बाई पाटावर बसली होती. उठायलाही तिला वेळ मिळाला नव्हता. बंपर आणि तिचा गुडघा यांच्या मध्ये एक कोहळा होता, तोही तडकलेला. मी आयुष्यात इतकी हादरले नव्हते. त्या बाईच्या हातात सुट्ट्या पैशांची पिशवी होती, ती तिनं छातीशी धरली होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. बाबांच्या मागून उतरून मी तिच्याजवळ बसले आणि तिचे हात धरले. शेवटी तिनंच मला विचारलं, "तुम्हाला लागलं का?"

आई गाडीतच होती, डोळे मिटून. बाबा पुढे आले. त्यांनी त्या बाईला वाकून नमस्कार केला, म्हाताऱ्या माणसानं तरुण बाईला करू नये तसा. मग माझ्याकडे आले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

"पायात जोर राहिला नाही," ते म्हणाले. "काल होता. आज नाही. तू ने गाडी."

मी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, माणसाच्या चालीनं गाडी घरी आणली. मलाही पेडल जड लागलं, पण मी दाबून बघायच्या मनःस्थितीत नव्हते. मलाही तेच पटलं होतं. अण्णांनी बजावलं होतं, डिस्कला जोर लागतो. काल रिकाम्या गल्लीत बाबांनी हौसेपायी सगळी ताकद लावली असेल, आज उतारावर ती कमी पडली. दुसरं काय असणार? ब्रॅकेटचे सांधे तर नखालाही लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी सगळे आत असताना मी केवळ माझ्या समाधानासाठी पुढचं डावं चाक काढलं. पॅड ओढून बाहेर घेतला. त्याच्या तोंडावर काळी, चिकट चकाकी होती. बोट फिरवलं, घसरलं. नाकाशी नेलं. खोबरेल तेल. लहानपणी रविवारी आई माझ्या डोक्यावर थापायची ते तेल. उजवं चाक काढलं, तिथंही तेच.

मला सगळं एकदम समोर दिसलं. रात्रभर उघडं राहणारं नवं कोरं लोखंड, आणि रात्री देवापाशी दिव्यात तेल घालून तेलाची वाटी आणि चिंधी घेऊन शेडमध्ये आलेली आई. ड्रम असते तर काही बिघडलं नसतं, डब्याला बाहेरून कितीही तेल लावा. पण डिस्क उघडी, आणि तिची जी बाजू चमकते तीच पॅडला धरायची असते. पन्नास वर्षं बाबांनी जे शिकवलं तेच तिनं केलं होतं. बाबांच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते सांगताना अजून लाज वाटते. माझ्या मनात पहिला विचार काय आला? बरं झालं. हाच. तीन वर्षं जे मला जमलं नाही ते वाटीभर खोबरेलानं करून दाखवलं. बाबांनी स्वतः किल्ली दिली, स्वतः मान्य केलं. आता सांगितलं तर किल्ली परत मागतील, शिवाय आईला आयुष्यभर खंत लागून राहील की आपल्या हातून एक बाई मरत होती. मी थिनरनं डिस्क पुसल्या. बाबा कुठलीही वस्तू दोन आणतात, तसे पॅडही दोन संच आणले होते, त्यातला नवा संच बसवला. जुने पॅड पिशवीत गुंडाळून माझ्या गाडीच्या डिकीत टाकले. मग आत जाऊन आपट्याची पानं वाटली आणि बाबांच्या पाया पडले.

पुढच्या शनिवारी मी गेलेच नाही. ऑफिसात काम आहे असं फोनवर सांगितलं. आई "बरं" म्हणाली, काही विचारलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र जावंच लागलं.

दार बाबांनी उघडलं. त्यांचा एक हात भिंतीवर होता. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग ते सोफ्याकडे वळले आणि मी बघितलं, ते भिंतीला धरून चालत होते. भिंत संपली तिथं खुर्ची धरली, खुर्चीवरून टेबल. उजवा पाय मागून ओढत आणत होते. दोन महिन्यांपूर्वी हा माणूस वर्कशॉपच्या जमिनीवर तोच पाय आपटून दाखवत होता. कोपऱ्यात एक काठी उभी होती, औषधांच्या दुकानातली, खाली रबर लावलेली.

"गच्चीवर जाणं सोडलंय त्यांनी," आई म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बाबा बसले आणि म्हणाले, "अण्णाला फोन केला होता. गिऱ्हाईक बघ म्हटलं. कुणी शौकीन असेल तर देऊन टाकू. डिस्क बसवलेल्या आहेत, ते आवर्जून सांग म्हटलं त्याला."

 पाय चांगला होता. धडधाकट पाय. मी न बोलता तो अधू केला होता, घरी बसून, फोनवर खोटं बोलून. मी तशीच उठले, डिकीतून पिशवी आणली आणि पॅड त्यांच्या समोर टीपॉयवर ठेवले.

"बाबा, तुमच्या पायाला काही झालेलं नाही. डिस्कला तेल लागलं होतं."

त्यांनी पॅड उचलला. प्रकाशात धरून तिरका करून पाहिला, जसे ते कारखान्यात प्रत्येक भाग पाहत असतील. "कुणी लावलं?"

"मी," मी म्हणाले. "रात्री गंज धरेल म्हणून."

त्यांनी पॅड नाकाशी नेला.  "खोबरेल आहे," ते म्हणाले. "तू खोबरेल लावत नाहीस. कॉलेजात गेल्यापासून नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून आईचा आवाज आला. "मी लावलं. तुम्हीच म्हणता ना, उघडं लोखंड असं ठेवू नये."

मला वाटलं आता बाबा भडकतील. पण त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं. त्यांनी उजवा पाय पुढे केला, पंजा वर-खाली केला, गुडघा वाकवला आणि सरळ केला. "म्हणजे पाय..." ते म्हणाले, "अगं, म्हणजे पाय ठीक आहे माझा." त्यांचे डोळे भरले होते. मग ते हसू थांबलं. इंजिनिअर माणूस, हिशोब लागल्याशिवाय राहणार कसा.

"तुला केव्हा कळलं?"

"दसऱ्याला सकाळी."

ते आईकडे वळले. "आणि तुला?"

मी म्हणणार होते की तिला माहीतच नव्हतं. आई पदराला हात पुसत उभी होती. "त्याच सकाळी," ती म्हणाली. "ही चाक काढून बसली होती, मी चहा घेऊन आले होते. वास आला. तशीच आत गेले. म्हटलं, निदान घरी तरी बसाल."

मी आईकडे बघतच राहिले. त्या सकाळी मी चहाची वाट बघितली होती. तो कधी आलाच नव्हता. दहा दिवस तीही तेच गिळून बसली होती, आणि मी तिला खंत नको म्हणून गप्प राहिल्याचं मनाशी घोकत होते.

बाबा उठले. काही न धरता. "अकरा दिवस," ते म्हणाले, आवाज न चढवता. "अकरा दिवस मी भिंत धरून संडासला जात होतो. आणि तुम्ही दोघी बघत होतात."

मी बघत नव्हते, मी इथं नव्हतेच, एवढंच मला सांगता आलं असतं. तो बचाव त्याहून वाईट होता.

दाराशेजारच्या खुंटीवर किल्ली होती. घराची, गेटची, गाडीची, सगळ्या किल्ल्या तिथंच असतात, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. बाबांनी गाडीची किल्ली काढली आणि बाहेर गेले. शेडचं दार उघडल्याचा आवाज आला, मग इंजिनचा. गाडी गल्लीत गेली, थांबली, पुन्हा गेली, पुन्हा थांबली. आई आणि मी खिडकीशी उभ्या होतो.  प्रत्येक वेळी गाडी दाबल्या जागी थांबत होती.

अर्ध्या तासानं ते परत आले. चप्पल काढली, पाय धुतले आणि खुंटीकडे हात नेला. क्षणभर वाटलं किल्ली अडकवतील. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. तेव्हापासून ती तिथंच असते, झोपताना उशीखाली. आम्ही दोघींनी ती अजून मागितलेली नाही.